एकमत

फ्रेंच सैन्य सरहद्दीवर आलं होतं आणि एलिफलेटचा मुलगा तिथल्याच गढीत अडकला होता. ऑल्बनीच्या बैठकीत फ्रेंचांशी लढायला अमेरिकेतल्या सगळ्या इंग्रज वसाहतींच्या एकीची योजना ठरली, तशी ती घेऊन एलिफलेट आपल्या कनेक्टिकट वसाहतीत धावत आला.

"म्हणजे व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्यांचे हुकूम आम्ही ऐकायचे?" सभेत पेलेगकाका कडाडले. "न्यूयॉर्कच्या बनेल डचांसाठी आमची पोरं मरायची?"

"काका, माझं पोर आत्ता तिथंच आहे हो!"

सभेनं योजना फेटाळली.

काही महिन्यांनी बातमी आली, बाकीच्या वसाहतींनीही एकीला नकारच दिला. मुलाची खबर मात्र नव्हतीच.

पेलेगकाकांनी एलिफलेटच्या पाठीवर थाप मारली. "उगाच जिवाला घोर लावून घेतलास. झालं की नाही सगळ्यांचं एकमत?"