वालबुर्गाबाईंचं मत

वालबुर्गाबाई बटाटे सोलत होत्या. आमदार झालेली एर्ना विधानसभेतून थेट त्यांच्याकडे आली. निर्वासितांना घरं बांधून देण्याचा तिचा ठराव आज मंजूर झाला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ती स्वतः निर्वासित होऊन जर्मनीतल्या या बव्हेरियन खेड्यात आली, तेव्हा सगळ्यांनी दारं लावून घेतली. एकट्या वालबुर्गाबाईंनी तिला राहायला खोली दिली.

"हे तुमच्यामुळे झालं," एर्ना म्हणाली.

"मी तर तुला मतसुद्धा दिलं नव्हतं," बाई ओशाळून म्हणाल्या. "वाटलं, बाईमाणसाचं तिथे कोण ऐकणार?"

एर्नाने हसत त्यांचे हात धरले. "मत राहू द्या. तुम्ही दार उघडलंत, म्हणून आज बोलायला उभी राहिले."

"पुढच्या वेळी देईन," बाई पुटपुटल्या. "आता जेवून जा."