हौसामावशींचा हात

फिजिओथेरपीच्या मास्टर्सचा मंजूर झालेला प्रबंध उराशी धरून शर्वरी तरंगतच हौसामावशींकडे आली. खांदा आखडलेल्या साठ बायकांपैकी निम्म्यांना तिने व्यायाम शिकवले होते; बाकीच्यांचे हात किती वर जातात ते, फरक कळावा म्हणून, नुसतंच मोजलं होतं. मावशी त्या बाकीच्यांतल्या.

“मावशी, आता तुम्हालाही शिकवते.”

“अगं, तू शिकवलेल्या शेजारच्या शकीलानं मला कधीच शिकवलंय,” मावशी म्हणाल्या. “तू मोजायला आलीस की मी मुद्दाम हात कमी उचलायचे. म्हटलं, पोरीचं पुस्तक बिघडायला नको.”

त्यांनी हात उचलला. कवडशातल्या सोनेरी धुळीतून तो अलगद वर, अगदी कानाला टेकेपर्यंत गेला. प्रबंध जमिनीवर ठेवून शर्वरीने कोनमापक काढला.

“एकशे ऐंशी,” ती पुटपुटली. हा आकडा तिच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता.