ईदची कोर

“चंद्र तुम्हीच दाखवायचा, ख्वाजा!” मोंगल सरदार अल्तान जिन्यातच आडवा उभा राहिला. “खानांच्या देखत, स्वतःच्या बोटानं. मुलीला राहू द्या खाली.”

गोहरने वडिलांच्या दंडावरचा हात काढून घेतला. खानाचे वजीर आणि तबरीझच्या वेधशाळेचे प्रमुख, ख्वाजा झहीर, भिंतीच्या आधाराने एकटेच पायऱ्या चढू लागले. गेल्या हिवाळ्यात त्यांची दृष्टी पार गेली होती. हे गोहरखेरीज कुणालाही ठाऊक नव्हते. अल्तानला मात्र संशय होता. आज उघडे पडले, तर वजिरी जाणार होती आणि वेधशाळेच्या आवारात अल्तानचे घोडे बांधले जाणार होते.

खाली चौकात सारे शहर नगारे सज्ज ठेवून उभे होते. कोर दिसली, तरच उद्या ईद.  ख्वाजांचे गणित चोख होते. सूर्य बुडाल्या जागेच्या वर, किंचित डावीकडे. दिशा तेवढी कळायला हवी होती.

गच्चीवर पाऊल पडताच गार वारा तोंडावर आला. त्याला उर्मियाच्या तळ्यातील मिठाचा वास होता. पश्चिम! ख्वाजा मनोमन हसले.

“या, ख्वाजा.” खानांनी त्यांचा खांदा चाचपून घट्ट धरला. “ससाणे माझे म्हातारे झाले हो. शिकारच सोडली मी यंदा.”

“ससाणे राहू द्या, हुजूर, आधी चंद्र,” अल्तान म्हणाला. “का हो ख्वाजा, बोट जड झालं?”

“बोट हलकंच आहे, अमीर. जीभ तुमची सैल आहे.” ख्वाजांनी वाऱ्याकडे तोंड केले आणि हात उंचावला. “तो पाहा!”

गच्चीवरच्या साऱ्यांच्या माना तिकडे वळल्या.

“हुजूर, तिथे तर—” अल्तान अडखळला.

“दिसली!” खान गरजले. “काय कोवळी कोर आहे! अल्तान, तुला दिसत नाही?”

“दिसली, हुजूर,” अल्तान पुटपुटला. “दिसली की.”

नगारे कडाडले. चौकात लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. खानांनी अंगावरचा झगा ख्वाजांच्या खांद्यावर घातला आणि वेधशाळेला कुणीही हात लावणार नाही, असे सर्वांसमक्ष बजावले.

ख्वाजा जवळजवळ धावतच जिना उतरले. “गोहर! पोरी, जिंकलं आपलं गणित!”

तिने त्यांचा हात धरला. 

“हळू बोला, बाबा. मी चौकातून वर पाहत होते. तुम्ही वर गेलात आणि तळ्याकडून ढग चढून आले. आभाळात काहीसुद्धा दिसत नव्हतं.”

“मग खानांना कशी दिसली?”

“खान तर पूर्वेकडे तोंड करून उभे होते, बाबा.”