भर उन्हातली दुपार

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," बंडलकाका म्हणाले.

खोलीत बसलेल्या सहा-सात जणांनी सवयीने माना डोलावल्या. गल्लीनं त्यांचं हे नाव काही उगाच ठेवलं नव्हतं, आणि त्यांनीही ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण आज भिंतीलगतची खाट रिकामी होती. लेक सकाळीच लांबच्या शहरातून येऊन पोचली होती. आईचं तोंडही तिला दिसलं नव्हतं. बॅग खाली न ठेवताच तिनं एवढंच विचारलं होतं, "बाबा, आईला शेवटी त्रास झाला का?"

त्याचंच उत्तर चाललं होतं.

"काल दुपारी बाराला लाइन गेली. आणि गेली म्हणजे कशी? तारेवरचे कावळे भुर्रकन उडाले. बुडाखालची ऊब गेली ना त्यांच्या. समोरच्या न्हाव्याचं मशीन गिऱ्हाइकाच्या अर्ध्या डोक्यावर बंद पडलं. तो गृहस्थ अजून टोपी घालून फिरतोय."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

"सगळी गल्ली ठप्प. आणि आपलं घर? अगं, झगमगाट! रणरणतं ऊन, वर गच्चीवर आपली सोलर पॅनेलं. पंखा असा सुटला होता की मला त्याला दटावावं लागलं. वीज इतकी झाली, इतकी झाली, की म्हटलं उरलेली बादलीत काढून ठेवावी. आणि तुझ्या आईचं ऑक्सिजनचं यंत्र मांजरासारखं घुरघुरतंय. एकदासुद्धा थांबलं नाही बघ."

लेक ऐकत होती. शेजारच्या काकू स्वतःच्या तळहातांकडे बघत बसल्या होत्या. काल याच हातांनी घडी घातलेल्या वर्तमानपत्रानं त्यांनी वारा घातला होता, हात भरून येईपर्यंत. खोलीत लेक सोडून सगळ्यांना खरं ठाऊक होतं. आणि गल्लीत कुणी कुणाला न सांगताच ठरलं होतं, की ही एक थाप म्हाताऱ्याला पचू द्यायची.

तेवढ्यात दारात चपला काढून पॅनेलवाला मिस्त्री आत आला. बंडलकाकांचा आवाज चिरकला.

तीन महिन्यांपूर्वी हाच मिस्त्री शिडीवरून ओरडून सांगत होता, "काका, लाइन गेली की हीपण बंद पडणार बरं का, ऊन कितीही असू द्या. नाहीतर तिकडे खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून झटका बसेल. लाइट गेल्यावर चालायला हवं असेल तर बॅटरी वेगळी लावावी लागते." काका खाली रस्त्यावर उभे होते. आजपासून खुद्द सूर्य आपल्याकडे कसा कामाला राहिलाय, हे ते चार जणांना रंगवून सांगत होते. मिस्त्रीला त्यांनी वर न बघताच हात हलवून "हो हो" केलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी ऑक्सिजनचा जादा सिलिंडर परत पाठवून दिला. घरात उगाच जागा अडवतो म्हणाले.

काल यंत्र पिपाणीसारखं वाजून गप्प झालं, तेव्हा त्यांना वाटलं, पॅनेलांवर धूळ बसली असेल. शेजारच्या काकूंना खाटेपाशी बसवून ते बादली घेऊन गच्चीवर गेले. अंगातला सदरा काढून, भिजवून, एकेक काच पुसली. आठही पॅनेलं पुसली. पुन्हा पहिल्यापासून पुसली. काचा अशा लखलखल्या की बघवेना. काकूंच्या हाका त्यांना ऐकू आल्या होत्या. त्यांनी वरूनच सांगितलं, "झालं, झालं, आलीच बघा वीज."

"ये, बस," काका मिस्त्रीला म्हणाले. "हा बघ, यानंच बसवलंय सगळं. हाताला गुण आहे हो याच्या."

मिस्त्री भिंतीला टेकून बसला.

"तर दीडच्या सुमारास तुझी आई मला म्हणते, अहो, तो दिवा घालवा, डोळ्यांवर येतोय. मी म्हटलं, राहू दे की, आपल्या घरचा आहे. तर हसली. कूस बदलली आणि झोपली. यंत्र चालू, पंखा चालू. त्रास कसला? अगं, मरायचं तर असं मरावं."

 लेकीनं मान मिस्त्रीकडे वळवली.

"खरंच चालू होतं का हो, दादा?"

मिस्त्रीनं काकांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे ओठ अजून हसरे होते. मिस्त्री म्हणाला, "हो ताई. चालू होतं सगळं."

"बघ," काका म्हणाले. "आणि पुढची गंमत ऐक. तुझी आई गेली, तरी ते यंत्र म्हणून थांबायला तयार—"

"बाबा."

लेकीनं मोबाइल पुढे धरला. पडद्यावर कालच्या दिवसाच्या आलेखाचे हिरवे खांब होते, सकाळपासून चढत गेलेले. मध्ये एक रुंद, कोरी जागा होती.

"दादांनीच हे माझ्या मोबाइलवर लावून दिलं होतं. घरची पॅनेलं किती वीज करतात ते मला तिकडे बसून दिसतं," ती म्हणाली. "बारापासून पावणेदोनपर्यंत शून्य आहे, बाबा. काल ऑफिसात जेवताना मी हे बघितलं. मला वाटलं, तुमच्याकडे ढग आलेत."