चेहरा दिसला पाहिजे

साथीमुळे घरात एकट्या अडकलेल्या आजींना मी साध्या फोन कॉलवर तपासायचो. त्यांनी फोन कानाला लावला की छातीतली घरघर स्पष्ट ऐकू यायची. आजपासून सरकारी आरोग्य विम्याचा नियम बदलला: व्हिडिओ कॉलवर रुग्णाचा चेहरा दिसला, तरच औषधं मंजूर. पडद्यावर मात्र नुसता कान दिसत होता. “आजी, फोन तोंडासमोर धरा.” “लांबून ऐकू कसं यायचं? काहीतरीच तुमचं, डॉक्टर.” पुन्हा कान. विनवण्या करून माझा घसा बसला, तेव्हा कुठे त्यांचा दमलेला चेहरा चौकटीत आला. “छान. आता खोल श्वास…” ‘तपासणी पूर्ण’ असं झळकलं आणि कॉल आपोआप बंद झाला. चरफडत मी साधा फोन लावला. “आजी, कानाला धरा आणि श्वास घ्या.” “मग मघापासून काय करत होते मी?” एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.