दारापासून नऊ पावलं

"नऊ," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. हात पुढे केला. टेबलाची कड बोटांना लागली.

"नऊच," त्यांचे केस बांधणारी केसवाली म्हणाली. "आता डावीकडे वळा. खुर्चीपर्यंत तीन."

स्टुडिओत अजून कुणी आलं नव्हतं. बाईंनी मुद्दाम दोन तास आधीची गाडी मागवली होती. एकेकाळी त्यांनी पडद्यावर नुसतं वळून पाहिलं तरी थिएटरात शिट्ट्या पडायच्या. त्याच बाई आज एका खोट्या घराच्या खोट्या दारापासून पावलं मोजत होत्या, तेही चौथ्यांदा. डोळ्यांपुढचं मधलं सगळं गेलं होतं, कडेकडेचं थोडं धुरकट उरलं होतं. हे डॉक्टरला ठाऊक होतं आणि केसवालीला. तिसऱ्याच्या कानावर गेलं असतं, तर बारा वर्षांनी मिळालेलं हे काम हातचं गेलं असतं.

"सांगून टाका ना बाई त्यांना. खाणार आहेत का तुम्हाला?"

"खाणार नाहीत गं. हातात फुलं देतील. म्हणतील, आता विश्रांती घ्या. नको मेली ती विश्रांती."

पूर्वी हे मोजणं-बिजणं लागत नसे. तेव्हाचे दिवे असे तापायचे, की तोंडावरचा रंग ओघळायचा. बाई डोळे मिटूनही नेमक्या जागी उभ्या राहायच्या. डावा गाल भाजायला लागला, की समजायचं, आलो जागेवर. आत्ताचे हे नवे दिवे थंडगार. त्यांच्यापुढे गाल धरून काही कळत नाही.

मेकअपच्या खोलीत बाईंनी आपला कोट हाताने शोधला. शेजारी आणखी एक हँगर लागला. तेच कापड, तीच बटणं, खांदे मात्र दोन बोटं अरुंद.

"हा कुणाचा?"

केसवाली कंगवे आवरू लागली.

"अगं, बोल की! तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

"दुसरीला सांगून ठेवलंय म्हणे. तुम्हाला पहिल्या शॉटला नाही झेपलं, तर दुपारी ती येणार."

बाईंना राग आला, चांगलाच आला. वाईटही वाटलं. पण रडणं त्यांनी आयुष्यभर कॅमेऱ्यापुढे पैसे घेऊन केलं होतं, फुकट कधी नाही. "आण माझा कोट," त्या म्हणाल्या. "आणि केस घट्ट बांध."

शॉट तसा साधा होता. पंचवीस वर्षांनी घरी परतलेली आई. दारातून यायचं, टेबलावर किल्ली ठेवायची, खुर्चीत बसायचं आणि म्हणायचं, "मी आले." बस्स.

आता झालं असं, की सेटवरचा सुतार बाईंचा जुना भक्त. पोरवयात शाळा बुडवून त्याने त्यांचे सिनेमे पाहिलेले. बाईंचे गुडघे दुखत असतील, उगाच कशाला चालायला लावायचं, म्हणून त्याने शॉटच्या जरा आधी खुर्ची टेबलाकडे हातभर सरकवली. अगदी प्रेमाने, आणि कुणालाही न सांगता.

कॅमेरा सुरू झाला. बाई दारातून आल्या. नऊ पावलं. किल्ली टेबलावर. वळल्या. एक. दोन.

खाडकन गुडघा खुर्चीवर आपटला.

केसवालीने तोंडावर हात धरला. सुतार जागच्या जागी गार पडला. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, इतकी कळ होती. पण दिग्दर्शकाच्या तोंडून 'कट' हा शब्द निघाला, की दुसरा कोट हँगरवरून उतरणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी पकडली. करकर आवाज करत ती पुढे ढकलली, एक पाऊलभर, सकाळी होती तिथे. लाकडावरून हात फिरवला. मग वळून बसल्या.

"ही इथे असायची," त्या म्हणाल्या. "मी आले."

'कट' बऱ्याच वेळाने आला, आणि हळू आवाजात आला.

दिग्दर्शक धावत सेटवर आला. पोरसवदा माणूस, बोलता बोलता धापा टाकत होता. "मॅडम, ती खुर्ची! हे कागदावर नव्हतंच. पण इतक्या वर्षांनी आलेली बाई पहिलं हेच करेल. सुचलं कसं तुम्हाला?"

"मला कुठलं? गुडघ्याला सुचलं."

तो मनापासून हसला. "दुपारी जिन्याचा शॉट घेऊ. सात-आठ पायऱ्या असतील. जमेल ना?"

"अकरा आहेत," बाई बोलून गेल्या. "सहावी हलते."

केसवालीने डोळे मिटले. दिग्दर्शक वळला. त्याची पावलं जिन्याकडे गेली. बाई ऐकत राहिल्या. एक, दोन, तीन... सहावी कुरकुरली. तिथे तो थांबला. मग पुढची पाच. खुर्चीचा हात बाईंनी गच्च धरून ठेवला होता.

"सुतारमामा!" वरूनच त्याची हाक आली. "सहावी पायरी पक्की करा. आणि आजपासून या सेटवरची टाचणीसुद्धा मला विचारल्याशिवाय कुणी हलवायची नाही. काय?" मग पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "शिंपीदादांना सांगा, तो दुसरा कोट उसवून टाका म्हणावं."

केसवाली पदराने डोळे पुसत जवळ आली.

"रडतेस काय?" बाई तिचा हात धरून उठल्या. "चल. दारापासून जिन्यापर्यंत मोजायचं राहिलंय."