खालचा ठोका

आजारपणानंतर तातांगदादांच्या डाव्या हातात जोर उरला नव्हता. बांडुंगच्या आमच्या स्टुडिओत गाणं मिक्स करताना मी त्यांच्या स्नेअर ड्रमच्या प्रत्येक ठोक्याखाली एका जुन्या रेकॉर्डिंगमधला दणदणीत ठोका गुपचूप चिकटवला. गाणं एकदम उठलं.

ऐकताना दादा गोंधळले. एकदा स्पीकरकडे, एकदा स्वतःच्या हाताकडे बघायला लागले.

"हा मी नाही. कोणाला बोलावलंस?"

"कोणालाच नाही, दादा."

"थापा मारू नकोस. पोरगा भारी आहे. माझ्या जागी त्यालाच घ्या."

मी आमच्या बँडची पहिली कॅसेट त्यांच्यापुढे ठेवली. कव्हरवर ड्रमच्या मागे ते स्वतःच होते, बाविशीतले.

दादांनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली.

"मग हल्ली हा का येत नाही रे?"